द्राक्षपंढरी नाशिक देशाची वाईन कॅपिटल कशी झाली आणि त्यातून शेतकऱ्याच्या हातात काय पडलं?

२७ जानेवारी २०२२. राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की, साधारण १००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायची. बातमी आली आणि पुढचे काही दिवस महाराष्ट्रात दुसरा विषयच नव्हता. सरकार म्हणत होतं, निर्णय द्राक्ष उत्पादक शेतकऱ्यांसाठी आहे. विरोधक म्हणत होते, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघालेत. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. वाईन म्हणजे दारू की नाही, यावर टीव्हीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे भांडणं झाली. सरकारने लोकांची मतं मागवली, जूनमध्ये सरकारच बदललं आणि तो निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही.

या गोंधळात काही साधे प्रश्न मागे पडले. वाईन म्हटलं की फ्रान्स, इटली अशी थंड देशांची नावं आठवतात. मग ४० अंशांवर पारा जाणाऱ्या आपल्या देशात वाईन बनते कशी? ती नाशिकलाच का बनते? आणि 'शेतकऱ्यांसाठी' म्हणतात, तर शेतकऱ्याला त्यात नक्की काय मिळतं?

एकेक करून बघू.

आधी वाईन म्हणजे काय, ते बघू

आपल्याकडे घोळ पाटीपासूनच सुरू होतो. ज्या दुकानात व्हिस्की, रम, बिअर सगळं मिळतं त्याला आपण 'वाईन शॉप' म्हणतो. पण वाईन हा त्यातला एकच प्रकार.

द्राक्षाच्या रसात यीस्ट, म्हणजे किण्व, साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. या क्रियेला आंबवणं किंवा किण्वन म्हणतात. वाईन इथेच थांबते. व्हिस्की, रम, ब्रँडी बनवताना आंबवलेलं द्रव पुढे तापवून त्याची वाफ गोळा करतात, म्हणजे ऊर्ध्वपातन करतात. त्यामुळे त्यांच्यात अल्कोहोलचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जातं. वाईनमध्ये ते साधारण ११ ते १४ टक्के असतं.

म्हणजे वाईन व्हिस्कीपेक्षा सौम्य आहे, पण तिच्यात अल्कोहोल आहेच. कायद्याच्या नजरेतही ते मद्यच आहे.

खायचं द्राक्ष वेगळं, वाईनचं वेगळं

बाजारात आपण घेतो ती थॉमसन सीडलेस किंवा सोनाकासारखी द्राक्षं. बिनबियांची, पातळ सालीची, टपोरी. खाणाऱ्याला मोठा मणी हवा असतो, म्हणून शेतकरी घडांची विरळणी करतो, मणी फुगवण्यासाठी संजीवकांची फवारणी करतो.

वाईनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त, आणि रेड वाईनचा रंग, तुरटपणा, बराचसा स्वाद सालीतून येतो. खायच्या द्राक्षाची साखर १६ ते १८ ब्रिक्सला आली की माल तोडायला येतो. वाईनसाठी ती साधारण २२ ते २४ पर्यंत जाऊ देतात, कारण जितकी साखर तितकं अल्कोहोल.

वाईनच्या जातीही मूळच्या युरोपातल्या. पांढऱ्या वाईनसाठी शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यों ब्लां, रेडसाठी शिराझ आणि कॅबरने सॉव्हिन्यों या आपल्याकडच्या मुख्य जाती. देशात पिकणाऱ्या द्राक्षातला अगदी थोडा वाटा वाईनकडे जातो. बाकी सगळं खायला, निर्यातीला आणि बेदाण्याला.

मग गरम देशात हे जमतं कसं?

तर गंमत कॅलेंडरमध्ये आहे.

जगातले बहुतेक नावाजलेले वाईनचे प्रदेश ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. तिथे हिवाळ्यात वेलीची पानं गळतात, वेल झोपी जाते. वसंतात फुटते, उन्हाळाभर वाढते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये द्राक्ष तोडणीला येतं. वर्षाला एक छाटणी, एक पीक.

नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. इथे वेलीला झोप लागावी इतकी थंडी पडतच नाही, ती बारा महिने वाढत राहते. युरोपचं वेळापत्रक जसंच्या तसं इथे लावलं, तर फळ ऐन पावसाळ्यात येईल आणि कुजेल.

यावर महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी वाईन यायच्या कितीतरी आधीच उपाय शोधला होता: दोन छाटण्या, एक पीक.

पहिली एप्रिलच्या सुमारास. तिला खरड छाटणी म्हणतात. जुन्या काड्या खरडून काढायच्या, म्हणजे नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या प्रखर उजेडात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी होते. पावसाळ्यात वेलीवर फळ ठेवायचं नाही, फक्त काडी पिकू द्यायची.

दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. ही गोडी छाटणी किंवा फळछाटणी. या छाटणीनंतर फूट येते, फुटीवर घड येतात. डोळे एकदम आणि सारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. झोप न घेणाऱ्या वेलीला जागं करायचा हा कृत्रिम उपाय म्हणा हवं तर.

तिथून चार-पाच महिन्यांनी, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, वाईनचं द्राक्ष तोडणीला येतं. फ्रान्समधली बाग पानगळ होऊन उभी असते, तेव्हा नाशिकच्या वायनरीत द्राक्षाचे क्रेट उतरत असतात. म्हणजे उन्हाळा चुकवून, आपल्या हिवाळ्यालाच युरोपचा उन्हाळा समजून हे पीक घेतलं जातं.

पण नाशिकच का?

पहिलं कारण उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. हिवाळ्यात दिवसा चांगलं ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी. 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी आपण दर वर्षी वाचतोच. दिवसाच्या उन्हात साखर तयार होते आणि थंड रात्रीमुळे द्राक्षातली आंबटपणा देणारी आम्लं टिकून राहतात. आम्ल गेलं की वाईन नुसती गोड आणि बेचव लागते. उष्ण देशात वाईन करताना सगळ्यात जास्त झगडा या आम्लासाठीच असतो.

दुसरं कारण पाणी आणि जमीन. गोदावरी आणि गंगापूरसारखी धरणं, ठिबक सिंचन आणि निचरा होणारी उताराची रानं. जिथे पाणी खारट किंवा कमी, तिथे डॉगरिजसारख्या चिवट खुंटावर वाईनच्या जातीचं कलम बांधतात.

तिसरं कारण माणसं. नाशिक, सांगली, सोलापूर, पुण्यात पिढ्यान् पिढ्या द्राक्षबागा करणारे शेतकरी होते. छाटणी, मंडप, भुरी, डाऊनी, करपा हे शब्द तिथल्या पोरांनाही माहीत असतात. वाईनवाल्यांना कारखाना उभारायचा होता, द्राक्ष पिकवायला शिकवायचं नव्हतं.

सुरुवात कुणी केली?

ब्रिटिश काळात काश्मीरसारख्या भागात वाईनसाठी बागा होत्या. १८८३ च्या कलकत्त्याच्या मोठ्या प्रदर्शनात भारतीय वाईन मांडल्याही गेल्या. पुढे मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीने या बागा गेल्या. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचं ध्येय आलं आणि वाईन हा विषयच मागे पडला.

१९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावजवळ शॅटो इंडाज सुरू केलं. फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने त्यांनी बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाईन बनवली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती युरोपात विकली. पुणे जिल्ह्यातली वाईन युरोपातल्या टेबलवर, हे तेव्हा ऐकायलाही भारी होतं.

१९८८ मध्ये कंवल ग्रोव्हर यांनी बंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी बाग लावली. मिशेल रोलां हे फ्रान्सचे नावाजलेले वाईन तज्ज्ञ पुढे त्यांचे सल्लागार झाले.

नाशिकची गोष्ट सुरू होते राजीव सामंत यांच्यापासून. स्टॅनफर्डला शिकलेला, कॅलिफोर्नियात नोकरी करणारा हा मुलगा ती सोडून घरच्या जमिनीवर आला. आंबे, गुलाब, खायची द्राक्षं असे प्रयोग करून झाले. मग लक्षात आलं की इथलं हवामान वाईनच्या द्राक्षाला जमेल. कॅलिफोर्नियाचे वाईनमेकर केरी डॅमस्की मदतीला आले आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आली. आई सुलभा यांच्या नावावरून कंपनीचं नाव ठेवलं 'सुला'. सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती नाशिकमध्ये रुळल्या त्या इथून. डिसेंबर २०२२ मध्ये ही कंपनी शेअर बाजारातही आली.

२००१ चं धोरण आणि त्यानंतरची लाट

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. वाईनला बाकीच्या दारूपासून वेगळं काढून तिच्याकडे शेतमाल प्रक्रिया म्हणून बघितलं. राज्यात पिकलेल्या द्राक्षाच्या वाईनला उत्पादन शुल्क माफ केलं, परवाने सोपे केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाईन पार्क काढले.

मग काय, वायनरींची लाट आली. द्राक्ष बागायतदारांनीही गट करून, कर्ज काढून वायनरी टाकल्या. शेकडो शेतकऱ्यांनी खायच्या द्राक्षाऐवजी वाईनच्या जाती लावल्या.

२००८ साल आलं. जगभर मंदी, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला. हॉटेलं ओस पडली, पर्यटक थांबले आणि तेव्हा वाईन खपत होती ती मुख्यतः हॉटेलांतच. टाक्यांमध्ये आधीची वाईन पडून राहिली. नवी द्राक्षं घ्यायला वायनरींकडे जागा नव्हती आणि पैसाही. कित्येक वायनरी बंद पडल्या. ज्या शॅटो इंडाजने सुरुवात केली, तीही कर्जाच्या ओझ्याखाली गेली.

शेतकऱ्यांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

बाग तोडण्याची वेळ का आली?

खायच्या द्राक्षाला भाव मिळाला नाही, तर शेतकऱ्याकडे निदान दोन-तीन वाटा असतात. दुसरा व्यापारी शोधता येतो, माल बाजार समितीत नेता येतो, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो. तासगावची बेदाण्याची बाजारपेठ त्यावरच उभी आहे.

वाईनच्या द्राक्षाला यातलं काहीच चालत नाही. बारीक मणी, जाड साल, आत बिया. हातगाडीवर ते कुणी घेत नाही. बेदाणा लागतो तो बिनबियांचा. म्हणजे वायनरीने पाठ फिरवली की मालाला गिऱ्हाईकच उरत नाही. त्यात द्राक्षबाग म्हणजे लोखंडी अँगल, तारा, ठिबक, कलमं असा मोठा खर्च, आणि पहिलं चांगलं पीक यायला दोन-तीन वर्षं. 'या वर्षी सोयाबीन नको, मका लावू' असं इथे करता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. वाईनच्या द्राक्षाला मणी फुगवायला लागत नाहीत, विरळणीची मजुरी वाचते, दिसण्यावरून माल नाकारला जात नाही. त्यामुळे खर्च कमी येतो. वायनरीशी अनेक वर्षांचा करार असेल, तर दर आधीच कळलेला असतो. खायच्या द्राक्षाचा भाव हंगामात रोज वर-खाली होत असताना ही मोठी निश्चिंती आहे.

मात्र करारात अटी असतात. वेलीवर किती माल ठेवायचा, तोडणी कधी करायची, साखर किती हवी, हे वायनरी ठरवते. आज देशातल्या वाईनच्या बाजारातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या सुलाकडे आहे. म्हणजे खरेदीदार मोजके आणि विकणारे पुष्कळ. म्हणूनच वाईनचं द्राक्ष लावायचा विचार असेल, तर कलम बांधण्याआधी करार हातात असायला हवा. २००८ नंतरचा हा सगळ्यात महागडा धडा आहे.

द्राक्षापासून बाटलीपर्यंत

तोडणी हाताने होते आणि भल्या पहाटे. ऊन चढलं की द्राक्ष तापतं, क्रेटमध्येच आंबायला लागतं. म्हणून सकाळी माल वायनरीत पोहोचलेला हवा. तिथे घड निवडतात, यंत्रातून देठ वेगळे करतात, मणी फोडतात.

पांढऱ्या वाईनसाठी लगेच दाबून रस काढतात आणि साल बाजूला करतात. हा रस स्टीलच्या टाकीत १२ ते १६ अंशांच्या आसपास सावकाश आंबवतात, म्हणजे फळाचा वास टिकतो. रेड वाईनमध्ये साल आणि बिया रसातच ठेवतात. तापमान २५ अंशांच्या आसपास असतं. साल वर तरंगते, म्हणून खालचा रस पंपाने सारखा वर सोडावा लागतो. रोझे या दोघांच्या मधली. काळ्या द्राक्षाची साल रसात काही तासच ठेवायची, की गुलाबी रंग येतो.

आंबवताना रस आपोआप तापतो. बाहेर मार्चचं ऊन असताना टाकी १४ अंशांवर ठेवायची तर टाकीच्या दुहेरी भिंतीतून सतत थंड पाणी फिरवावं लागतं. युरोपातल्या जुन्या वायनरींना थंड तळघरं पुरायची. आपल्याकडे हे काम विजेवर चालतं. द्राक्षात आम्ल कमी पडलं, तर द्राक्षातच असणारं टार्टारिक आम्ल वरून घालतात. उष्ण देशांत ही नेहमीची पद्धत आहे.

पुढे काही रेड वाईन ओकच्या पिंपात महिनोन्महिने मुरवतात. पण आपल्याकडच्या बहुतेक वाईन, विशेषतः पांढऱ्या, एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात. 'जितकी जुनी तितकी चांगली' हे सगळ्या वाईनला लागू होत नाही. एका ७५० मिलीच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं.

नाशिक सोडून आणखी कुठे?

• नाशिक : दिंडोरी, निफाड, इगतपुरी, गंगापूर धरणाचा परिसर. सुला, यॉर्क, सोमा, व्हॅलोने इथल्याच. फ्रान्सच्या मोएट हेनेसी कंपनीनेही दिंडोरीत 'शांदों' ही स्पार्कलिंग वाईन बनवायला घेतली. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही आहे.

• सोलापूर : अकलूजच्या परिसरात 'फ्रातेली'. इटालियन भाषेत फ्रातेली म्हणजे भाऊ. दिल्लीचे सेखरी, अकलूजचे मोहिते-पाटील आणि इटलीचे सेक्की अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ही वायनरी उभी केली. इटलीची सांजोवेसे जात त्यांनी माळशिरस तालुक्यात लावली.

• पुणे आणि सांगली : नारायणगाव, बारामती-दौंडचा पट्टा आणि पलूस.

• कर्नाटक : नंदी हिल्स, विजयपूर-बागलकोटचं कृष्णा खोरं आणि हंपीचा परिसर. कर्नाटकने २००७ मध्ये स्वतःचं वाईन धोरण आणलं.

गोव्यात मिळणारी 'पोर्ट वाईन' हा वेगळा विषय. ती गोड, स्वस्त आणि लोकप्रिय आहे, पण मूळ पोर्ट ही पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली वाईन. आपल्याकडे ते नाव फक्त चिकटलं.

आता पुढे काय?

दारू हा राज्यांचा विषय आहे आणि जीएसटीतही ती येत नाही. त्यामुळे नाशिकची बाटली दुसऱ्या राज्यात गेली की नवा कर, नवं लेबल, नवा परवाना. महाराष्ट्रात वाईनवर २० टक्के व्हॅट आहे आणि प्रोत्साहन योजनेत त्यातला १६ टक्के वायनरींना परत मिळतो. उद्योग या परताव्यावर बराच अवलंबून आहे.

दुसरीकडे परदेशी वाईनवरचं १५० टक्के आयात शुल्क ही आपल्या वायनरींची भिंत होती. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियासोबतचा करार लागू झाला आणि तिथल्या महागड्या वाईनवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने कमी व्हायला सुरुवात झाली. ही भिंत जसजशी खाली येईल, तसतशी इथल्या वायनरींवर भाव कमी ठेवण्याची वेळ येईल. त्याचा भार करार करणाऱ्या शेतकऱ्याच्या दरावर पडू शकतो.

हवामानाचं संकट तर दारातच आहे. लांबलेला पाऊस गोडी छाटणी पुढे ढकलतो. मग तोडणी मार्चच्या उन्हात जाते, साखर झपाट्याने चढते आणि आम्ल उतरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तर तासाभरात वर्ष वाया जातं.

आणि आरोग्याचं? 'रोज एक ग्लास रेड वाईन हृदयाला चांगली' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की, अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. अल्कोहोलमुळे कर्करोग होऊ शकतो आणि त्यात वाईनला सूट नाही.

त्यामुळे सुपरमार्केटचा वाद पुन्हा निघाला, तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. वाईन कुठे विकावी, हा समाजाच्या आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात. शेतकऱ्याच्या फायद्याचा प्रश्न मात्र बाटल्या किती खपल्या एवढ्यावर सुटत नाही. द्राक्ष कुणी घ्यायचं, कोणत्या दराने घ्यायचं आणि वायनरीने ते नाकारलं तर नुकसान कुणी सोसायचं, हे करारात लिहिलेलं आहे का, ते आधी बघावं लागेल.